अर्ध्या पैशाचं देणं

व्याजाच्या हिशेबात भागाकार सगळ्यात शेवटी करायचा, हे मला नानांनी शिकवलं. तोवर माझी पदविका होऊन बरीच वर्षं झाली होती, नोकरीत मी रुळले होते, डेटाबेसमध्ये आकडे ठेवायचे किती प्रकार असतात ते तोंडपाठ होतं. पण रुपयाचा तुकडा गळतो तेव्हा तो कुणाच्या तरी खात्यातून गळतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नाना म्हणजे कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेचे निवृत्त मुख्य हिशेबनीस. शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे. निवृत्तीनंतरही सप्टेंबर आणि मार्चअखेरीला बँक त्यांना बोलावून घ्यायची. पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, निळं लिहायला आणि लाल तपासायला. संगणकावर ते स्वतः कधी बसले नाहीत, पण छापून आलेला प्रत्येक कागद त्यांच्या लाल पेनाखालून जायचा.

आमची पुण्यातली छोटी कंपनी सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर करायची. त्या वर्षी आमच्याकडे एकच गडबड होती. बचत खात्यावरचं व्याज तोपर्यंत महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर काढत. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिलकेवर काढायचं होतं. दर होता साडेतीन टक्के. ठेवीदाराच्या दृष्टीने हा बदल फार मोठा होता, कारण आठ तारखेला आलेला पगार अकराला काढला तरी मधल्या दिवसांचं व्याज आता त्याला मिळणार होतं. आमच्याकडे जो आराखडा ठरला होता त्यात रोज रात्री डे-एंडला प्रत्येक खात्याचं त्या दिवसाचं व्याज काढायचं, दोन दशांश स्थळांपर्यंत राउंड करून एका तक्त्यात ठेवायचं आणि सहामाहीला त्या रकान्याची बेरीज मारायची, असं होतं. तो आराखडा मंजुरीसाठी बँकेत न्यायचं काम माझ्याकडे आलं.

नानांनी तो वाचला आणि म्हणाले, "अगं, मला तीन खाती करून दाखव. एक हजाराचं, एक दीड हजाराचं आणि एक पन्नास रुपयांचं. ऑक्टोबर ते मार्च. मधे उलाढाल नाही."

एका रद्द व्हाउचरच्या पाठीवर आम्ही आकडे मांडले. हजार रुपयांवर साडेतीन टक्क्यांनी एका दिवसाचं व्याज ९.५८९ पैसे होतं. आराखड्याप्रमाणे त्याचे झाले दहा पैसे. ऑक्टोबर ते मार्च १८२ दिवस, म्हणजे १८ रुपये २० पैसे. खरं व्याज १७ रुपये ४५ पैसे. दीड हजारावर दिवसाला १४.३८ पैसे, त्याचे झाले चौदा. १८२ दिवसांचे २५ रुपये ४८ पैसे. खरं व्याज २६ रुपये १८ पैसे. शेवटी पूर्ण रुपयात केल्यावर हजारवाल्याला सतराऐवजी अठरा मिळणार होते आणि दीड हजारवाल्याला सव्वीसऐवजी पंचवीस.

"आता पन्नासचं," नाना म्हणाले.

पन्नास रुपयांवर दिवसाचं व्याज ०.४८ पैसे, म्हणजे अर्ध्या पैशाच्या आत. राउंड केलं की शून्य. रोज रात्री शून्य आणि सहामाहीला बेरीजही शून्य. खरं व्याज ८७ पैसे, म्हणजे पूर्ण रुपयात एक रुपया.

"एकाला रुपया जास्त, एकाला रुपया कमी," नाना म्हणाले, "बँकेची एकूण बेरीज कदाचित जुळूनही जाईल. पण या पन्नासवाल्याला तू रोज रात्री शून्य देणार. तो कधी विचारायला येणार नाही, कारण त्याला कळणारच नाही."

मी गणित उलटं करून पाहिलं. त्या दराने बावन्न रुपयांपर्यंतच्या प्रत्येक खात्याला जन्मभर शून्य व्याज मिळालं असतं. अशी खाती बँकेत पुष्कळ होती. किमान शिलकेची अट नसलेली, रोजगार हमीची मजुरी आली की रिकामी होणारी, शाळकरी पोरांची. तळाच्याच माणसाला पद्धतशीरपणे वगळणारी ती ओळ कुणीही वाईट हेतूने लिहिलेली नव्हती. दोन दशांश स्थळं म्हणजे पैसा, पैशाच्या खाली काही नसतं, इतकाच साधा समज तिच्यामागे होता.

मग नानांनी कॅश क्रेडिटचं एक जुनं लेजर मागवलं. शिलकेच्या रकान्याशेजारी दिवसांचा रकाना आणि त्याच्या शेजारी 'प्रॉडक्ट्स'. शिल्लक गुणिले दिवस. खात्यात उलाढाल झाली की तोवरच्या दिवसांचा गुणाकार लिहायचा, सहामाहीला सगळ्या गुणाकारांची बेरीज, तिला दराने गुणायचं आणि मग एकदाच ३६,५०० ने भागायचं. हजार रुपयांच्या खात्याचे प्रॉडक्ट्स १,८२,०००. गुणिले साडेतीन, ६,३७,०००. भागिले ३६,५००, बरोबर १७.४५. रुपयात सतरा.

"भागाकार एकदाच," ते म्हणाले, "आणि सगळ्यात शेवटी. दर भागाकाराला कुणाचं तरी काहीतरी सांडतं. रोज भागशील तर रोज सांडेल."

हे वाक्य मी त्या दिवसानंतर शेकडो ठिकाणी वापरलंय, पण त्यातली खोली कळायला थोडा वेळ लागला. प्रॉडक्ट्सचा रकाना हा पूर्णांकांचा रकाना आहे. शिल्लक पैशांत धरली तर त्यात अपूर्णांक येऊच शकत नाही. डेटाबेसमध्ये तो मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवता येतो, कितीही ओळींची बेरीज केली तरी शेवटचा अंक अचूक राहतो. कुठलाही राउंडिंगचा नियम लावायची वेळ येते ती सहामाहीत एकदाच. अंकगणितातली ही शिस्त हाताने लेजर लिहिणाऱ्या कारकुनांनी आमच्या कितीतरी आधी पाळली होती. ती लेजरं रद्दीत जात होती आणि त्यांच्यातलं शहाणपण आम्ही नव्या तक्त्यांत घ्यायचं विसरत होतो, हे मला त्या दिवशी फार लागलं.

आराखडा बदलला. रोज रात्री व्याजाऐवजी प्रॉडक्ट साठवायचं ठरलं.

या विषयातलं माझं आणखी एक देणं नानांच्याही आधीचं आहे. पॉलिटेक्निकला आम्हाला मोजमापाच्या प्रयोगशाळेत एक बाई होत्या. व्हर्निअर कॅलिपरचं वाचन मुलींनी किती दशांश स्थळांपर्यंत लिहिलंय हे त्या आधी बघायच्या आणि आकडा बरोबर आहे का ते नंतर. उपकरणाला जेवढं दिसतं त्याहून एक अंकही जास्त लिहिलेला त्यांना खपत नसे. त्यांनीच सांगितलं की भारतीय मानकांतलं पहिलं मानक राष्ट्रध्वजाचं आहे आणि दुसरं, आय.एस. २, आकडे राउंड करण्याच्या नियमांचं. ते १९४९ साली निघालं आणि १९६० साली सुधारलं गेलं. देश नुकता उभा राहत असताना इतक्या आधीच्या क्रमांकाला कुणाला तरी हा विषय घ्यावासा वाटला, हे मला आजही भारी वाटतं.

त्या मानकातल्या दोन गोष्टी बाईंनी आमच्याकडून घोटून घेतल्या. एक, सोडायचा अंक नेमका पाच असेल आणि पुढे काही नसेल, तर आधीचा अंक सम ठेवायचा. साडेबाराचे बारा, साडेतेराचे चौदा. दुसरी, राउंडिंग पायऱ्यापायऱ्यांनी करायचं नाही, दर वेळी मूळ आकड्यावरूनच करायचं. नानांच्या हजाराच्या खात्याचं उदाहरण इथेही चालतं. १७.४५२ चे आधी १७.४५ केले, मग बँकेसारखा अर्धा वर ढकलत १७.५ केले, मग पूर्णांक केला तर अठरा होतात. मूळ आकड्यावरून थेट केला तर सतरा.

सम अंकाचा नियम कशासाठी, हे त्यांनी फळ्यावर करून दाखवलं होतं. अर्धा, दीड, अडीच, साडेतीन. खरी बेरीज आठ. प्रत्येक अर्धा वर ढकलला तर एक, दोन, तीन, चार आणि बेरीज दहा. सम अंकाकडे नेला तर शून्य, दोन, दोन, चार आणि बेरीज पुन्हा आठ. हजारो वाचनांची सरासरी काढायची असेल तेव्हा सगळे अर्धे एकाच बाजूला गेले, तर सरासरीही त्याच बाजूला सरकते. हा युक्तिवाद माझ्या मनावर इतका पक्का बसला होता की नानांशी माझा पहिला वाद त्यावरूनच झाला.

झालं असं की त्याच बँकेत काउंटरवरची पावती बारा रुपये दाखवायची आणि पासबुकात तेरा छापून यायचे. रक्कम होती साडेबारा रुपये, कसल्यातरी शुल्काची. आमच्या आधी कुणीतरी लिहिलेला काउंटरचा प्रोग्राम व्हिज्युअल बेसिकमध्ये होता आणि मागचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरवर. व्हिज्युअल बेसिकचं राउंड फंक्शन अर्ध्याला सम अंकाकडे नेतं, म्हणून बारा. एसक्यूएल सर्व्हरचं राउंड अर्ध्याला शून्यापासून दूर नेतं, म्हणून तेरा. दोन्ही आपापल्या माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणेच वागत होती. एक्सेलच्या चौकटीत हेच सूत्र घातलं तर तेरा येतात आणि एक्सेलच्याच मॅक्रोमध्ये घातलं तर बारा. साडेतेरा रुपये असते तर सगळीकडे चौदाच आले असते, म्हणून हा फरक कधी दिसायचा आणि कधी नाही, आणि शोधणाऱ्याच्या डोक्याला ताप व्हायचा.

मी नानांना म्हटलं, "नाना, सम अंकाचा नियम शास्त्रीय आहे. तोच सगळीकडे लावू या." आणि त्यांना फळ्यावरचं ते चार आकड्यांचं गणित करून दाखवलं.

त्यांनी ते नीट पाहिलं, समजून घेतलं. मग रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाची फाइल काढली. ठेवीवरचं व्याज असो की कर्जावरचं, व्यवहार जवळच्या रुपयात करायचा. पन्नास पैसे आणि त्याहून जास्त असेल तर पुढचा रुपया, कमी असेल तर सोडून द्यायचं. "हे कायद्याचं झालं," ते म्हणाले. "आता माझं ऐक. तुझ्या बाईंच्या प्रयोगशाळेत पाच हा अंक संशयाचा आहे. खरं माप त्याच्या थोडं अलीकडे असेल किंवा पलीकडे. इथे साडेबारा म्हणजे साडेबाराच. त्यात संशय नाही. आणि समोर माणूस उभा आहे. त्याने विचारलं, गेल्या वेळी साडेतेराचे चौदा केलेत, या वेळी साडेबाराचे बारा का? तर त्याला पासबुक हातात धरून पटेल असं उत्तर मला देता आलं पाहिजे."

मला तेव्हा पटलं आणि आजही हेच माझं मत आहे. राउंडिंगचा कुठलाही नियम हवेत बरोबर किंवा चूक नसतो. आकड्याच्या दुसऱ्या टोकाला यंत्राचं वाचन आहे की माणसाचं देणं आहे, त्यावर तो ठरतो. वाचनांच्या राशीत एकेका आकड्याला स्वतःची तक्रार नसते, म्हणून तिथे बेरीज सांभाळायची. खात्यांच्या राशीत प्रत्येक ओळ एका माणसाची असते आणि प्रत्येकाला तोच नियम स्वतः पडताळून बघता यायला हवा. प्राप्तिकर कायद्यात उत्पन्न जवळच्या दहा रुपयांत करायचं कलम २८८अ होतं, तिथेही पाच किंवा जास्त असेल तर वर. जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्येही पन्नास पैशांना पुढचा रुपया. नियम करणाऱ्यांनी हिशेब देणाऱ्या माणसाचा विचार केलेला दिसतो.

याच बोलण्यात मी त्यांना व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराची गोष्ट सांगितली. जानेवारी १९८२ मध्ये तिथे एक नवा निर्देशांक सुरू झाला, १००० वर. रोज हजारो वेळा तो नव्याने मोजला जायचा आणि दर वेळी तीन दशांश स्थळांपुढचं राउंड न करता नुसतं छाटून टाकलं जायचं. बाजार बरा चाललेला असताना निर्देशांक उतरतच राहिला. नोव्हेंबर १९८३ मध्ये तो ५२४.८११ वर होता. चूक दुरुस्त केल्यावर खरा आकडा निघाला १०९८.८९२. एका हजारांशाहूनही लहान तुकडे, पण सगळे एकाच दिशेला पडणारे, आणि प्रत्येक नवा आकडा आधीच्या छाटलेल्या आकड्यावर उभा.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन वर्षांत कुणी मुळापासून बेरीज करून बघितली नाही?"

त्या प्रश्नानंतर आमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये महिन्यातून एकदा शिल्लक पहिल्या व्यवहारापासून नव्याने मोजून साठवलेल्या शिलकेशी ताडून पाहणारा एक कार्यक्रम आला. तो रात्री चालतो, वेळ खातो, ग्राहक बँका कधीकधी कुरकुर करतात. मी तो काढू देत नाही.

तेरजेचा प्रसंगही तिथलाच. शाखेची तेरीज, म्हणजे ट्रायल बॅलन्स, काढली की पडद्यावर जमा आणि नावे यांतला फरक ०.०० दिसायचा आणि खाली लाल अक्षरात 'तेरीज जुळत नाही'. नानांनी मला बोलावून विचारलं, "फरक शून्य आहे ना? मग जुळत का नाही?" शिलकेचा रकाना फ्लोट प्रकारचा होता. संगणक अशा आकड्यांना दोनाच्या पायावर ठेवतो. आपल्या दशमान पद्धतीत एक भागिले तीन लिहायला बसलं की ०.३३३ करत कधी संपत नाही, तसं दोनाच्या पायावर एक दशांश लिहायला बसलं की संपत नाही. कुठेतरी तोडावंच लागतं. म्हणून ०.१ मध्ये ०.२ मिळवले की सतराव्या दशांश स्थळी एक चार उरतो. हजारो ओळी मिळवल्या की असे उरलेले कण साचतात, आणि ओळी कुठल्या क्रमाने मिळवल्या त्यावर शेवटचा अंक बदलतो. पडदा दोनच स्थळं दाखवतो, तुलना मात्र सगळ्या स्थळांची होते.

हे सांगताना मी नानांना म्हणाले की रुपयाच्या खालच्या शंभर रकमांपैकी, म्हणजे शून्य ते नव्व्याण्णव पैशांपैकी, संगणकाच्या फ्लोटमध्ये चारच अचूक बसतात. शून्य, पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर.

"म्हणजे पाव, अर्धा, पाऊण," ते लगेच म्हणाले. "पावकी, निमकी, पाऊणकी." हे पाढे त्यांना अजून पाठ होते. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि आणा?"

मी कागद ओढला. सोळा आण्यांचा रुपया. एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात, त्यामुळे आणा दोनाच्या पायावर अगदी नेमका बसतो. रुपयाचे जुने चौसष्ट पैसेही बसतात, चौसष्टही दोनाचाच घात. पै मात्र बसत नाही, कारण एकशे ब्याण्णवात तीन आहेत. म्हणजे १९५७ पूर्वीचा आणे-पैशांचा हिशेब आजच्या फ्लोट रकान्यात एक कणही न सांडता ठेवता आला असता. दशमान नाण्यांनी माणसाचं गणित सोपं केलं आणि तेव्हा भारतात जेमतेम पाऊल टाकणाऱ्या यंत्राचं अवघड. मी हे कुठे वाचलेलं नव्हतं. त्या टेबलाशी, नानांच्या प्रश्नामुळे, ते मला दिसलं.

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर सांगलीच्या एका हळदीच्या अडतीत हिशेब लिहायला बसायचे. भिंतीवर आण्यांचे नवे पैसे करायचा तक्ता चिकटवलेला होता. एक आणा सहा नवे पैसे, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. दोन आण्यांचे खरे साडेबारा व्हायचे, तक्त्यात होते बारा. सहा आण्यांचे साडेसदतीस, तक्त्यात सदतीस. दहाचे बासष्ट, चौदाचे सत्त्याऐंशी. चारही ठिकाणी अर्धा सोडून दिलेला.

"दोन आण्यांची वस्तू दोनदा घेतली तर चोवीस," नाना म्हणाले, "आणि एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस. मी वडिलांना विचारलं, तो एक पैसा कुठे गेला? ते म्हणाले, तुकडे करून मोजलंस म्हणून गेला. तेव्हापासून मी बघत आलोय."

आधी राउंड करून मग बेरीज आणि आधी बेरीज करून मग राउंड, ही दोन उत्तरं वेगळी येतात, हे आज मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा त्या अडतीतल्या भिंतीवरचा तक्ताच सांगते. आणि ते साडेबारा, साडेसदतीस, साडेबासष्ट, साडेसत्त्याऐंशी पैसे म्हणजे रुपयात ०.१२५, ०.३७५, ०.६२५, ०.८७५. पैशापुढे नेमका अर्धा उरणाऱ्या रकमांत फ्लोटमध्ये अचूक राहणारे शेवट हे चारच. बाकीच्या ठिकाणी नेमका अर्धा उरतच नाही, त्याच्या किंचित अलीकडचा किंवा पलीकडचा आकडा असतो, आणि मग तुमचा नियम कोणताही असो, निकाल त्या किंचितपणावर लागतो. २.६७५ चे दोन स्थळांत २.६८ व्हायला हवेत. फ्लोटमध्ये तो आकडा २.६७४९९९ असा काहीसा असतो आणि होतात २.६७.

शिलकेचे रकाने आम्ही डेसिमल प्रकारात नेले. तेरीज जुळली.

दूरच्या ज्या लोकांचं माझ्यावर ऋण आहे त्यांचीही नावं इथे घ्यायला हवीत. १९८५ साली आय-ट्रिपल-ई ७५४ हे मानक आलं, त्याच्यामागे बर्कलीचे विल्यम कहान होते. त्याआधी एकच भागाकार वेगवेगळ्या यंत्रांवर वेगवेगळं उत्तर द्यायचा. त्या कामासाठी त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. सम अंकाकडे नेण्याची पद्धत त्या मानकात मूळ पद्धत म्हणून आहे, म्हणजे माझ्या बाईंच्या बाजूची. आणि आयबीएमचे माइक काउलिशॉ, ज्यांनी दशमान अंकगणित यंत्राने दशमानच करावं यासाठी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांचं उदाहरण साधं आहे. सत्तर सेंटच्या फोन कॉलवर पाच टक्के कर लावला तर ७३.५ सेंट होतात, राउंड करून ७४. फ्लोटमध्ये तो गुणाकार ७३.५ च्या केसभर खाली पडतो आणि होतात ७३. एका कॉलला एक सेंट. फोन कंपनीचे कॉल किती असतात ते ज्याचं त्याने मोजावं. २००८ साली त्या मानकात दशमान आकडेही आले.

पोस्टग्रेसची माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, पण त्यांचेही उपकार आहेत. न्यूमेरिक प्रकारातल्या अडीचचे तीन होतात आणि फ्लोट प्रकारातल्या अडीचचे बहुतेक यंत्रांवर दोन, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवलंय. एकाच डेटाबेसात, एकाच नावाच्या फंक्शनचे दोन निकाल. ते वाचलेलं असल्यामुळे पुढे एका बँकेच्या डेटाच्या स्थलांतरात आम्ही वाचलो.

नानांकडून शिकलेली शेवटची गोष्ट वारसांच्या वाटपाची. मयत खातेदाराची एक लाखाची ठेव तीन मुलांत सारखी वाटायची होती. प्रत्येकी ३३,३३३ रुपये ३३ पैसे. बेरीज ९९,९९९ रुपये ९९ पैसे. एक पैसा ठेवीत शिल्लक राहतो आणि खातं बंद होत नाही. नानांनी दोन नियम सांगितले. शेवटच्या वाटेकऱ्याला भागाकाराचं उत्तर द्यायचं नाही, मूळ रकमेतून आधीच्यांना दिलेलं वजा करून जे उरेल ते द्यायचं. आणि शेवटचा कोण, हे पैसे वाटायच्या आधी लिहून ठेवायचं. कर्जाच्या शेवटच्या हप्त्यालाही हाच नियम आम्ही लावतो, म्हणून शेवटचा हप्ता बाकीच्यांपेक्षा काही पैशांनी वेगळा असतो. व्याज पूर्ण रुपयात करताना जे पैसे इकडचे तिकडे होतात, त्यांच्यासाठी त्यांनी खतावणीत 'राउंडिंग फरक' असं वेगळं खातं उघडायला लावलं. किरकोळ खर्चात ते घालू दिले नाहीत. "ज्याचा पैसा गेला त्याला तो कुठे गेला ते दाखवता आलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं होतं. लेखापरीक्षकांनी पहिल्या वर्षी त्या खात्याबद्दल विचारलं, तेव्हा नानांनी स्वतः बसून त्यांना एकेक ओळ दाखवली.

राउंडिंगचा नियम आमच्या कोडमध्ये एका फंक्शनात आहे आणि त्याच्या डोक्यावर नानांनी सांगितलेली वाक्यं मी मराठीत तशीच्या तशी लिहिलेली आहेत. जमा असो की नावे, अर्धा रुपया शून्यापासून दूर जाईल, म्हणजे एकाच्या जमेचा आकडा दुसऱ्याच्या नावेशी जुळेल. हे वाक्य आम्हाला फार उपयोगी पडलं. पुढे वेबवरचे पडदे आले, आणि जावास्क्रिप्टचं राउंड उणे साडेबाराचे उणे बारा करतं. डेटाबेस उणे तेरा करत होता. डोक्यावरचं वाक्य वाचून पडद्यांचं काम करणाऱ्या मुलाने पडद्यावरचं गणित काढून टाकलं आणि आकडा डेटाबेसमधूनच आणला.

नाना जाऊन आता काही वर्षं झाली. ते असताना मी त्यांना आय.एस. २ ची एक प्रत नेऊन दिली होती, कारण बाईंविषयी ते नेहमी विचारायचे. काही पानांचंच ते मानक त्यांनी लाल पेन घेऊन वाचलं. पायऱ्यापायऱ्यांनी राउंड करू नये, या कलमापुढे त्यांनी बरोबरची मोठी खूण केली आणि म्हणाले, "हे लिहिणारा कधीतरी व्याज काढायला बसलेला असणार." सम अंकाच्या नियमापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "बाईंना सांग, मापाला हे चालेल. व्याजाला नको."

मी बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पण मापाला हेच हवं, हेही त्यांना सांग." तेही मी सांगितलं.